अठरा वर्षे विमा होता, इथे आलो तर पहिला दिवस

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला. तेव्हापासून आपल्या वाचकपत्रांत हप्ता किती उतरला, कंपन्यांनी मधल्यामध्ये काही खाल्ले का, यावर बरीच चर्चा वाचली. माझे नूतनीकरण ऑक्टोबरात होते. मीही नवी पावती जुनीशी ताडून पाहिली. पैसे वाचले, खोटे कशाला बोलू? पण विमा असूनही नसल्यातच जमा असेल, तर त्या वाचलेल्या पैशांचे कौतुक फार वेळ टिकत नाही. माझे तसे झाले आहे. आमच्या खेड, दापोली, मंडणगड भागात आखातात वीस-पंचवीस वर्षे काढून परतलेली माणसे वाडीगणिक आहेत. त्यातल्या ज्यांना ज्यांना मी विचारले, त्यांचेही थोड्याफार फरकाने हेच आहे. म्हणून हे पत्र. लांबले आहे, कात्री लावायची तर शेवटचा भाग तेवढा ठेवा, तो कुणाच्या तरी उपयोगाचा आहे.

मी सौदीत दम्मामला एका बांधकाम कंपनीत कारकून होतो. २००० साली गेलो, ऑगस्ट २०२४ मध्ये परतलो. कामगारांचे कागद सांभाळणे हे माझे काम. सरकारी कचेरीत जाणारा मंदूब सौदीच असे. त्याच्या बगलेतली फाइल लावून द्यायची माझी जबाबदारी. इकाम्याचे, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्याचे, नूतनीकरण, सुट्टीचा व्हिसा, विम्याची यादी, आणि शेवटी खुरूज. तिकडे 'खुरूज लागला' म्हणजे माणूस कायमचा घरी निघाला. एरवी सुट्टीवर जाणारा हसत खिडकीशी येतो. खुरूजवाला दोन प्रकारचा असतो, एक फार बोलणारा आणि एक अजिबात न बोलणारा.

परदेशी कामगारांचा आरोग्य विमा मालकाने काढायचा, असा तिथला कायदाच आहे. विमा चालू नसेल तर इकामा नवा होत नाही, त्यामुळे मालकाला टाळता येत नाही. आमच्या कंपनीत २००६ पासून सगळ्यांना कार्डे आली. मला २०११ साली साखर निघाली, पुढे दोन वर्षांनी रक्तदाब. विमेवाल्यांनी एका शब्दाने विचारले नाही की हे आधीपासून होते का. दर महिन्याला दवाखान्यात जायचे, थोडे रियाल भरायचे, बाकी कार्डावर. गोळ्या कार्डावर, रक्त तपासणी कार्डावर. तिथले दुसरे कितीतरी वाईट सांगता येईल, उन्हाळ्यातली साइट, थकलेले पगार, कफीलच्या, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा त्या मालकाच्या, मर्जीवर टांगलेला जीव. पण औषधाच्या बाबतीत आम्हाला सवय चांगली लागली, आणि तीच इथे येऊन नडली.

कार्डे प्लॅस्टिकची होती तेव्हा खुरूजवाल्याकडून ती परत घ्यायची आणि कापायची, असा नियम होता. माझ्या टेबलावर त्यासाठी एक मोठी कात्री आणि बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा होता. माणूस इकामा देई, कार्ड देई, मी त्याच्यासमोर कार्डाचे दोन तुकडे करून डब्यात टाकी. शेकड्यांनी कापली असतील. एकदा एक गवंडी आला होता, आपल्याच जिल्ह्यातला. फार न बोलणाऱ्यांपैकी. मी कात्री उचलली तसे त्याने कार्डावरच्या तारखेवर बोट ठेवले आणि म्हणाला, "भाऊ, ह्यावर अजून चार महिने बाकी आहेत. ते कुणाला?"

खरे उत्तर मला माहीत होते. यादीतून नाव वगळले की उरलेल्या काळाच्या हप्त्याची रक्कम कंपनीच्या खात्यात वळती होत असे. मी म्हणालो, "तसं काही नसतं," आणि कार्ड कापले. मागे रांग होती.

पुढे कार्डे बंद झाली, इकाम्याचा नंबर सांगितला की दवाखान्यात काम होऊ लागले. माझा खुरूज लागला तेव्हा कापायला काही नव्हतेच. माझ्या जागी घेतलेल्या पोराला मीच काम शिकवत होतो. यादी उघडायची, नाव निवडायचे, वगळण्याचे कारण टाकायचे, जतन करायचे. सरावाला नाव पाहिजे होते. म्हटले, माझेच घे. त्याने संकोचाने माझ्याकडे पाहिले आणि बटण दाबले. अठरा वर्षांचा माझा विमा असा दोन मिनिटांत संपला, आणि मी त्याला शाबासकी दिली.

आता इथली कथा. मी ५८ वर्षांचा, ही ५३ ची. परतल्यावर पहिल्या महिन्यातच विम्याच्या मागे लागलो, कारण गाफील राहणाऱ्यांचे काय होते ते मी कागदांत पाहिले होते. दोन कंपन्यांनी साखर आणि रक्तदाब एकत्र बघून नम्रपणे नकार दिला. तिसरीने तपासण्या करायला लावून, हप्त्यावर वाढीव बोजा टाकून ऑक्टोबर २०२४ मध्ये पॉलिसी दिली. अर्जात एक रकाना होता, याआधी सलग विमा होता का? मी आनंदाने 'होय' लिहून १८ वर्षांचा तपशील जोडला. एजंटाने कागद परत माझ्याकडे सरकवला. "काका, हा भारतातल्या कंपनीचा पाहिजे. तिकडचा धरत नाहीत. तुम्ही 'नाही' लिहा."

त्याने आणखी एक सल्ला दिला, तोही सांगून टाकतो. साखर लिहू नका म्हणाला. पाच वर्षे काढलीत की कंपनीला उकरून काढता येत नाही. यात अर्धे सत्य आहे. सलग ६० महिने पॉलिसी चालली की लबाडी सिद्ध केल्याशिवाय माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारता येत नाही, आणि मुद्दाम दडवलेला आजार म्हणजे लबाडीच नाही का? शिवाय त्या पाच वर्षांच्या आत कळले तर पॉलिसीच रद्द. मी जन्मभर लोकांचे कागद खरे ठेवले, स्वतःचाच खोटा कशाला करू? लिहिले. त्यामुळे बोजा बसला आणि वेटिंगही बसले.

वेटिंग म्हणजे काय, ते ज्यांना अनुभव नाही त्यांच्यासाठी. पॉलिसी घेताना जो आजार आधीच आहे, त्याचा आणि त्यातून उद्भवणाऱ्या दुखण्याचा खर्च ठरावीक काळ मिळत नाही. हा काळ पूर्वी जास्तीत जास्त चार वर्षे असू शकत होता, विमा नियामक प्राधिकरणाने तो १ एप्रिल २०२४ पासून तीन वर्षांवर आणला. त्याच वेळी, पाच वर्षांचा जो नियम मी वर सांगितला तोही आठावरून पाचावर आला, आणि ६५ वर्षांपुढच्यांनाही कंपन्यांनी पॉलिसी द्यायला हवी असे ठरले. सुधारणा चांगल्याच आहेत. वेटिंगमागचे कारणही मला पटते. नाहीतर लोक दुखणे आल्यावरच विमा घेतील, रुग्णालयाच्या दारात हप्ता भरतील आणि इमानाने वर्षानुवर्षे भरणाऱ्यांच्या पैशांवर भागवतील. ही पळवाट बुजवायलाच हवी.

पण मी पळवाटेतून आलो का? मी तर अठरा वर्षे एकही दिवस विम्याशिवाय नव्हतो. मला साखर झाली ती विमा असताना झाली. पुण्यातल्या एखाद्या कारखान्यातला माणूस निवृत्त झाला, तर त्याला कंपनीच्या गटविम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते आणि तिथे काढलेली वर्षे वेटिंगमधून वजा होतात. एका भारतीय कंपनीची पॉलिसी दुसरीकडे नेली, म्हणजे पोर्ट केली, तरी होतात. मग दम्माममध्ये तशाच गटविम्यात काढलेली वर्षे तेवढी हवेत कशी विरतात? तिथल्या विमा कंपन्यांवरही सरकारी नियामक आहे. इथल्याइतकेच, कदाचित जास्तच, कागद तिथे ठेवले जातात. मी ठेवत होतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये, पॉलिसीला तेरा महिने झाले असताना, पहाटे हृदयाचे दुखणे उठले. डावा हात नाही, घाम नाही, नुसते जबड्यात काहीतरी आवळल्यासारखे. मी दात दुखतो म्हणून लवंग धरून बसलो. हिने शेजारच्या पोराला उठवून गाडी काढायला लावली म्हणून हे पत्र लिहितो आहे. शहरातल्या खासगी रुग्णालयात त्याच दिवशी अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट पडला. कॅशलेस नाकारले गेले, नंतर क्लेमही. पत्रात एकच वाक्य होते, उपचार पूर्वीपासून असलेल्या आजारांशी संबंधित असून प्रतीक्षा कालावधी पूर्ण झालेला नाही. नियमाच्या दृष्टीने त्यांचे बरोबर आहे. मी भांडलो नाही. बिल १ लाख ९० हजारांच्या घरात गेले. ते माझ्या 'हिसाबा'तून भरले, म्हणजे सौदीत नोकरी सोडताना जी सर्व्हिसची रक्कम मिळते तिच्यातून. पहिल्या पाच वर्षांना अर्धा महिना, पुढच्या प्रत्येक वर्षाला एक महिना पगार, असा तिचा हिशेब. म्हणजे माझ्या मापाने चार-पाच वर्षांची नोकरी त्या एका तारेच्या नळीत गेली.

यावर कुणीही विचारेल, महात्मा फुले जन आरोग्य योजना होती ना? होती. आणि इथे चूक अर्धी माझी आहे, तीही सांगतो, म्हणजे दुसरा कुणी करणार नाही.

ही योजना आता फक्त पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांची राहिलेली नाही. २०२३ च्या शासन निर्णयाने ती पांढऱ्या शिधापत्रिकेलाही लागू झाली, आणि १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत. अँजिओप्लास्टी त्यात बसते, आणि ते रुग्णालय योजनेत होते. हिच्या नावाचे पांढरे कार्ड घरात होते. सौदीने २०१७ पासून कुटुंबातल्या माणसामागे महिन्याला १०० रियाल कर बसवला, पुढे तो दरवर्षी शंभराने वाढत गेला. तेव्हा आमच्यासारख्या कितीतरी जणांनी बायकामुले परत पाठवली. मी २०१८ मध्ये पाठवली. (त्या वेळी हिच्या नावाने एक छोटी पॉलिसी इथे काढली असती तर आज ती सात वर्षांची झाली असती. मी काढली नाही. महिन्याचे पैसे वाचवले.) तेव्हा काढलेल्या शिधापत्रिकेवर ही आणि मुलगा, दोनच नावे. माझे घातले नाही, कारण कारकुनाने विचारले की माणूस परदेशात आहे तर धान्य कोण खाणार, आणि पांढऱ्यावर तसेही धान्य मिळत नाही. कार्ड कपाटात गेले. परतल्यावर गॅस, बँक, आधार, सगळीकडे धावलो. त्या कार्डाची आठवणसुद्धा झाली नाही. आमच्या डोक्यात रेशनकार्ड म्हणजे तांदूळ-गहू.

रुग्णालयाच्या तळमजल्यावर योजनेचे टेबल असते, तिथे आरोग्यमित्र बसतो. आमच्या वेळी एक मुलगी होती, माझ्या भाचीच्या वयाची. तिने जे केले ते मी विसरणार नाही. तातडीचा रुग्ण म्हणून तिने फोनवरून नोंद करून घेतली आणि हिला सांगितले, "मावशी, काकांचं नाव असलेलं कार्ड डिस्चार्जच्या आत आणा. मी फाइल उघडी ठेवते." डिस्चार्ज चौथ्या दिवशी होता. मुलगा तहसीलच्या पुरवठा शाखेत गेला. तिथे कळले की माझे नाव अजून गावाकडच्या जुन्या कार्डावर आहे, वडिलांच्या वेळचे, जे आता थोरल्या भावाकडे आहे. आधी तिथून कमी केल्याचा दाखला, मग इथे वाढवण्याचा अर्ज. आधारची पडताळणी करायची तर ओटीपी माझ्या २०१४ च्या नंबरावर जात होता. तो नंबर मी सुट्टीवरून परत जाताना बंद पडू दिला होता आणि कंपनीने तो केव्हाच दुसऱ्या कुणाला दिला. कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या फोनवर त्या चार दिवसांत माझे सहा ओटीपी गेले. बिचाऱ्याला वाटले असेल आपल्याला कुणीतरी फसवते आहे.

नाव चढले सव्विसाव्या दिवशी. चौथ्या दिवशी आरोग्यमित्र मुलीने फाइल बंद केली आणि हिला म्हणाली, "मला वाईट वाटतंय." मला वाटते, तिला खरेच वाटत होते.

केंद्राच्या आयुष्मान भारतचेही असेच. ती २०१८ मध्ये आली, पण लाभार्थी ठरवायला मुख्यतः २०११ ची सामाजिक-आर्थिक जनगणना धरली. त्या गणतीत घरी फ्रिज असेल, दुचाकी असेल, तर ते घर बाहेर. आखातातल्या माणसाच्या घरी दुसरे काही नसले तरी फ्रिज असायचाच, पहिल्या सुट्टीत तोच घेतात. ७० वर्षे पूर्ण झालेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न बघता ५ लाखांचे कवच मिळू लागले, ते उत्तमच आहे. मला त्यासाठी अजून बारा वर्षे तग धरायचा आहे.

आणि 'प्रवासी भारतीय बीमा योजना' म्हणून जी आहे ती? २००३ पासूनची. दहावी न झालेले, म्हणजे ईसीआर पासपोर्टवाले, ठरलेल्या १८ देशांत कामाला जाताना त्यांना ती सक्तीची असते. दोन वर्षांचे २७५ रुपये, तीन वर्षांचे ३७५. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर १० लाख, आजारपणासाठीही लाखाची तरतूद. एवढ्या पैशांत वाईट नाही. पण ती जाताना काढतात, दोन-तीन वर्षांत संपते, आणि पुढे नवी करायची असते हे कॅम्पातल्या किती जणांना ठाऊक होते? मी विचारायचो तेव्हा 'एजंटने कायतरी लावलं होतं पासपोर्टला' एवढेच उत्तर यायचे. माझा पासपोर्ट ईसीएनआर, म्हणजे दहावी झालेल्याचा, मला तीही नव्हती. थोडक्यात, सरकारने जो विमा विचारपूर्वक दिला तो जाणाऱ्याचा आहे. येणाऱ्याचा नाही.

सगळी व्यवस्थाच अशी जाणाऱ्याकडे तोंड करून उभी आहे. जाताना आमचे गामकाचे, म्हणजे आखाती देशांनी मान्य केलेल्या तपासणी केंद्रातले, मेडिकल होते, छातीचा एक्स-रे, रक्त, लघवी, कावीळ, एचआयव्ही. फुफ्फुसावर जुना डाग दिसला तरी माणूस 'अनफिट'. निरोगी शरीर मोजून घेतात. वीस वर्षांनी तेच शरीर परत येते तेव्हा कुणी रक्तदाबसुद्धा बघत नाही. आमच्या कंपनीतला शटरिंगचा एक सुतार, मंडणगडकडचा, परतल्यानंतर चार महिन्यांनी पाय सुजले म्हणून दवाखान्यात गेला, तर दोन्ही मूत्रपिंडे निकामी होत आलेली. वर्षानुवर्षे ऊन, पाणी कमी, अंगदुखीवर वाट्टेल तेव्हा घेतलेल्या गोळ्या. आता आठवड्यातून दोनदा जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात डायलिसिसला जातो. डायलिसिस फुकट आहे, एसटीचे भाडे आणि बुडालेला दिवस नाही. त्याला कुठली विमा कंपनी पॉलिसी देईल, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

केरळात बघा. तिथे अनिवासींसाठी स्वतंत्र सरकारी खाते १९९६ पासून आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून त्यांनी 'नॉर्का केअर' नावाचा गटविमा चालू केला, ५ लाखांचा आरोग्य विमा, १० लाखांचा अपघात विमा, आणि जुन्या आजारांना वेटिंग नाही. तो मुख्यतः बाहेर असलेल्यांसाठी आहे, परतलेल्यांनाही घ्या म्हणून तिथे लोकांनी आवाज उठवला. निदान आवाज कुणाकडे न्यायचा हे त्यांना माहीत आहे. आपल्याकडे रत्नागिरी-रायगडातून तीन पिढ्या आखातात गेल्या, त्यांच्या पैशांवर मशिदी उभ्या राहिल्या, देवळांचे जीर्णोद्धार झाले, शाळांच्या खोल्या बांधल्या गेल्या. परतलेल्या माणसाने आजारपणात कुठल्या खिडकीशी जायचे, ते मात्र मला आजही कुणी सांगू शकलेले नाही.

माझी मागणी मोठी नाही. परदेशातल्या नियंत्रित विमा कंपनीचा सलग संरक्षणाचा दाखला असेल आणि परतल्यापासून ९० दिवसांत अर्ज केला असेल, तर ती वर्षे वेटिंगमधून वजा धरावीत, असा नियम विमा प्राधिकरणाने करावा. दाखला तपासायचे कष्ट पडतील, पडू देत. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याच्या जागी नवा कायदा आणायचा म्हणून परराष्ट्र मंत्रालयाने २०२५ मध्ये विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला, त्यातही याला जागा करता येईल. राज्य सरकारने फुले योजनेत एवढेच करावे, की परतलेल्या माणसाच्या पासपोर्टवर आगमनाचा शिक्का आहे, घरच्या कार्डावर बायकोचे नाव आहे आणि त्याच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर पत्नी म्हणून तिचेच नाव आहे, तर सहा महिने तेवढ्यावर उपचार द्यावेत. शिधापत्रिका मागाहून होत राहील.

आता ज्यांचा खुरूज अजून लागायचा आहे त्यांच्यासाठी, म्हणजे जो भाग ठेवा म्हणालो तो. तिथे असतानाच इथली पॉलिसी घ्या. अनिवासी भारतीयाला ती घेता येते. उपचार इथे झाले तरच खर्च मिळतो, पण वेटिंगचे घड्याळ तुम्ही तिथे राबत असतानाच चालू होते. सुट्टीवर आलात की तपासण्या उरकून अर्ज करा, चाळिशीत घेतलीत तर बोजाही कमी बसेल. साखर असेल तर लिहा. बायको इथे असेल तर तिची तर आजच काढा. घरच्या शिधापत्रिकेवर आपले नाव आहे का ते बघा, जुन्या कार्डावरून कमी केल्याचा दाखला घेऊन ठेवा. आधारला जोडलेला नंबर बंद पडू देऊ नका, महिन्याचे किमान रिचार्ज भावाला मारायला सांगा. दवाखान्यातली फाइल निघायच्या आधी मागून घ्या, नंतर फोनवर कुणी देत नाही.

आणि विमा कंपनीकडून सलग संरक्षणाचे पत्र मागा. मी ते मागितले नव्हते. चोवीस वर्षे लोकांना कागद काढून दिले आणि स्वतःसाठी हा एक काढला नाही. क्लेम नाकारल्यावर मी माझ्या जागी बसलेल्या पोराला फोन केला, ज्याने माझे नाव वगळून सराव केला होता तो. त्याने दोन आठवडे मागे लागून ते मिळवले. एका बाजूला अरबी, एका बाजूला इंग्रजी, खाली गोल शिक्का, २००६ ते २०२४, मध्ये एकही खंड नाही. इथल्या कंपनीच्या शाखेत ते नेऊन दिले. तिथल्या मुलीने ते उलटसुलट पाहिले, झेरॉक्स घेतली, आवक रजिस्टरात नोंदवले आणि मला पोचक्रमांक लिहून दिला. आज सात आठवडे झाले. त्या पत्राचा मजकूर, म्हणजे अर्जात नेमके काय मागायचे ते, मी मराठीत आणि इंग्रजीत लिहून ठेवले आहे. आपल्या कार्यालयात एक प्रत पाठवत आहे. कुणी मागायला आले तर कृपया द्यावी.

आपला नम्र,
खेड तालुक्यातील एक वाचक
(नाव छापू नये ही विनंती)